मुलीचा चेहरा नको, फ्लॅटचा पत्ता छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर सात ओळींची एक बातमी होती. मसाज सेंटरवर पोलिसांचा छापा, चार तरुणींची सुटका. बनावट ग्राहक पाठवून खात्री केली, दोन पंचांसमक्ष झडती घेतली, व्यवस्थापक महिलेला अटक झाली, तरुणींना सुधारगृहात पाठवलं. सोबत फोटो होता. भिंतीला टेकून बसलेल्या चौघी, तोंडावर ओढण्या. चौघींची वयं दिली होती, कोण कुठल्या राज्यातली तेही दिलं होतं. सेंटर कोणत्या इमारतीत होतं आणि गाळा कोणाच्या मालकीचा, याबद्दल मात्र ‘शहरातील एका व्यापारी संकुलात’ एवढंच.

‘दोन पंचांसमक्ष’ या शब्दांपाशी मी थांबले. सात वर्षांपूर्वी अशाच एका बातमीतली एक पंच मी होते. बातमी छापून आल्यावर पुढे काय काय होतं, ते मी निकाल लागेपर्यंत पाहिलं आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे. त्या मुलीची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मुद्दाम गाळले आहेत. माझंही नाव छापू नये ही विनंती.

नोव्हेंबर २०१८ मधली शुक्रवारची संध्याकाळ. मी मेथी निवडत बसले होते. दारात साध्या कपड्यांतली एक तरुण मुलगी, मागे दोन पुरुष. तिने ओळखपत्र दाखवलं, पोलीस उपनिरीक्षक होती. हळू आवाजात म्हणाली, “काकू, पिटाची कारवाई आहे, तुमच्याच बिल्डिंगमध्ये. एक महिला पंच पाहिजे. याल का?” पिटा म्हणजे कुंटणखान्यांविरुद्धचा कायदा. त्याआधी ती आमच्या अध्यक्षांकडे जाऊन आली होती. त्यांच्या पत्नीने सांगितलं, घरात पाहुणे आहेत. सेक्रेटरी म्हणाले, सोसायटीचं नाव खराब होईल, पंच बाहेरून आणा. आणखी एका घरात मुलीचं लग्न जमवायचं चाललं होतं, त्यांनी दार लावून घेतलं. या सगळ्यांशी माझे वीस वर्षांचे संबंध आहेत आणि ही वाईट माणसं नाहीत. कोर्टाची पायरी चढू नये, हे आपल्याकडे शहाणपण म्हणून शिकवलं जातं. मलाही माझ्या वडिलांनी तेच शिकवलं होतं.

मी गेले, त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. मी टपाल खात्यात पस्तीस वर्षं नोकरी केली. ऐंशीच्या दशकात काही वर्षं मुंबई सेंट्रलच्या बाजूच्या एका पोस्टात मनीऑर्डरच्या खिडकीवर होते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कामाठीपुऱ्यातल्या बायका रांगेत असत. बऱ्याच जणींना लिहिता येत नसे. बाहेर फॉर्म भरून देणारा माणूस बसे, तो नसला की मी भरून देई. अथणी, चिकोडी, सौंदत्ती, बेळगाव जिल्ह्यातली ती गावं मला पिनकोडासकट पाठ झाली होती. यल्लमाला सोडलेल्या मुली तिकडून येतात हे पोस्टात सगळ्यांना ठाऊक होतं. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपाची जागा असे. तिथे काय लिहू विचारलं की त्या सांगत, “मी खुशाल आहे, काळजी करू नये.” हे वाक्य मी किती फॉर्मांवर लिहिलं असेल, त्याचा हिशेब नाही. काही मुली इतक्या लहान असत की खिडकीच्या लाकडी पट्टीवर त्यांची हनुवटी येई. मागे घरवाली, म्हणजे कुंटणखाना चालवणारी बाई, उभी असे. शिक्का मारून मी पावती देई आणि पुढच्या माणसाला हाक मारी. पुढे १९९६ च्या फेब्रुवारीत कामाठीपुऱ्यात मोठे छापे पडले. शेकडो मुली बाहेर काढल्या, त्यांतल्या कितीतरी अल्पवयीन होत्या, कितीतरी नेपाळच्या. पेपरात ते वाचताना मला ती लाकडी पट्टी आठवत होती. मी कधी कोणाला काही विचारलं नाही, कोणाला काही सांगितलं नाही. त्या उपनिरीक्षक मुलीने “याल का?” असं विचारलं, तेव्हा मेथीची जुडी बाजूला ठेवायला मला वेळ लागला नाही.

टपाल खात्याने एक सवय लावली, वाचल्याशिवाय सही करायची नाही. मी लेखी पत्र मागितलं, तिने दिलं. या कायद्याचं पूर्ण नाव अनैतिक व्यापार प्रतिबंधक अधिनियम, १९५६. पोलीस आणि वकील त्याला पिटाच म्हणतात. त्याच्या कलम १५ प्रमाणे झडतीला परिसरातले किमान दोन प्रतिष्ठित रहिवासी लागतात आणि त्यांतली निदान एक स्त्री असावी लागते. स्त्री पंच त्याच भागातली नसली तरी चालते. छापा घालणाऱ्या अधिकाऱ्याबरोबर दोन महिला पोलीस असाव्या लागतात, आणि तिथे सापडलेल्या बाईची विचारपूस महिला अधिकाऱ्यानेच करायची असते. लेखी बोलावणं आल्यावर सबळ कारण नसताना पंच व्हायला नकार देणं हा गुन्हा आहे. त्याच कलमात असंही लिहिलं आहे की कायदेशीर झडतीला हजर राहिल्याबद्दल पंचावर दिवाणी किंवा फौजदारी दावा चालत नाही. हे दुसरं लोकांना कोणी सांगत नाही.

दुसरा पंच होता आमच्या इमारतीखालचा इस्त्रीवाला. त्याला नाही म्हणता आलं नाही, कारण त्याचं टेबल फुटपाथवर आहे.

पोलीस ठाण्यात आधी एक पंचनामा झाला. दोन हजारांच्या दोन नोटांचे नंबर आमच्यासमोर लिहून घेतले आणि त्या नोटा ‘पंटर’कडे दिल्या. पंटर म्हणजे बनावट गिऱ्हाईक, पोलिसांच्या तोंडी हाच शब्द असतो. तो वर गेला. वीस मिनिटांनी त्याचा मिस्ड कॉल आला आणि आम्ही जिना चढलो. तिसरा मजला. त्या दारावरून मी कितीदा गच्चीवर पापड वाळत घालायला गेले असेन. बाहेर तोरण होतं, चपलांचं कपाट होतं.

आत दोन खोल्यांच्या प्लायवूड ठोकून चार केल्या होत्या. हॉलमध्ये सोफा, देवाच्या फोटोचं कॅलेंडर, टीव्हीवर मालिका चालू. टेबलावर दोनशे पानी वही, तिच्यात नावांची अक्षरं आणि त्यांपुढे उभ्या रेघा, चार उभ्या आणि पाचवी आडवी. आपण दुधाचा हिशेब ठेवतो तसा. सात मोबाइल. घरमालकीण म्हणवणारी बाई, खरं तर तिथली व्यवस्थापक, चांगली साडी नेसलेली होती. मला जिन्यात भेटली की “कशा आहात?” विचारायची. तिघीजणी सापडल्या. दोघी हॉलमागच्या खोल्यांत होत्या. तिसरी स्वयंपाकघरात, गॅस सिलिंडर आणि भिंत यांच्या मधल्या जागेत गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. तिला जे विचारावं त्याला ती एकच उत्तर देई, “बीस.” नाव काय, बीस. गाव कुठलं, बीस. वयाचा आकडा तिच्याकडून पाठ करून घेतला होता आणि हिंदीतलं तिला तेवढंच येत होतं.

स्वयंपाकघराच्या दाराला कडी बाहेरून होती. नवी पितळी कडी, तिचे चार स्क्रू अजून चमकत होते. आपल्या घरात स्वयंपाकघराला बाहेरून कडी कोण लावतं? पंचनामा लिहिणारे हवालदार जुन्या पंचनाम्यावरून मजकूर उतरवून घेत होते. ‘सदर ठिकाणी पीडित महिला क्र. १ ते ३ मिळून आल्या’ इथपर्यंत आले. मी म्हटलं, कडीचं लिहा. ते म्हणाले, मावशी, ते काही लागत नाही. मी म्हटलं, मला दिसलं ते लिहिल्याशिवाय माझी सही नाही. उपनिरीक्षक मुलीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि मग दोन ओळी वाढल्या. कडी, तिची उंची, स्क्रू नवे असणं. नोटा पाकिटात घालून लाखेचं सील केलं. लाख मला ओळखीची. सील नीट बसलं नव्हतं, ते पुन्हा करायला लावलं. घरी आल्यावर रात्री सगळं माझ्या वहीत तारीख-वेळेसकट लिहून ठेवलं.

त्या मुलीशी बोलणार कोण? दुसऱ्या मजल्यावर एक बंगाली कुटुंब भाड्याने राहतं, नवरा दागिन्यांचा कारागीर आहे. त्याच्या बायकोशी आमच्यापैकी फारसं कोणी बोलत नसे. मी तिला बोलवायला गेले. तिने धाकट्याला नवऱ्याच्या हातात दिलं आणि गाऊनवर ओढणी घेऊन आली. ती सिलिंडरशेजारी जमिनीवर बसली आणि त्या मुलीला काहीतरी म्हणाली. ‘बीस’ संपलं आणि मुलगी रडत तेच तेच दोन शब्द बोलायला लागली, “बाडी जाबो.” घरी जायचंय. रात्री दोनपर्यंत ती शेजारीण तिथे होती. सोसायटीच्या सभेत नंतर तिच्यावर टीका झाली की भाडेकरूंनी मध्ये पडू नये. मला आजही त्याचा राग आहे.

मुलगी सुंदरबनाकडची होती. २००९ च्या आयला चक्रीवादळात खारं पाणी शिरून त्या भागातली शेतं निकामी झाली. तेव्हापासून तिकडचे कितीतरी पुरुष केरळ-तमिळनाडूत मजुरीला जातात, तसे तिचे वडीलही गेले होते. मोबाइलवर ओळख झालेला मुलगा, लग्नाचं आमिष, हावड्याहून गाडी. मुंबईत उतरल्यावर तो “पाणी घेऊन येतो” म्हणून गेला आणि त्याच्याऐवजी दुसरा माणूस आला. यातलं नवं काही नाही. गाव बदला, वादळाच्या जागी दुष्काळ, कर्ज किंवा दारूडा बाप घाला, गोष्ट तीच राहते. माझ्या मनीऑर्डरच्या रांगेतल्या मुलींपेक्षा एकच वेगळं होतं. त्या वस्तीत होत्या, सगळ्यांना दिसत होत्या. ही माझ्या डोक्यावर दोन मजले होती आणि मला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी एका वृत्तपत्रात बातमी आली, ‘उच्चभ्रू वसाहतीत कुंटणखाना’. फोटोत तिघी होत्या. उजवीकडच्या मुलीच्या तोंडावर तपकिरी काठाची शाल होती. ती माझी शाल. थंडी वाजतेय म्हणून मी तिच्या अंगावर टाकली होती आणि गाडीत बसताना तिने ती तोंडावर ओढली. चेहरा झाकला होता, पण तिची उंची, पायातले पैंजण, हातावरचं गोंदण सगळं दिसत होतं. तिच्या गावच्या माणसाला तेवढं पुरेसं आहे. आणि ज्या फ्लॅटला ती बाहेरून कडी होती, त्याचा पत्ता त्या बातमीत नव्हता.

संपादक महोदय, इथे आपल्याला थेट सांगायचं आहे. याच कायद्याच्या कलम ३ मध्ये जागेच्या मालकाबद्दल लिहिलं आहे. माहीत असून जागा कुंटणखान्याला दिली, तर मालकाला किंवा त्याच्या एजंटला पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मालक नेहमी म्हणतो, मला माहीत नव्हतं. आणि माहीत होतं हे सिद्ध कसं करायचं? कायदा करणाऱ्यांनी त्याचाही विचार केला आहे. त्याच कलमाच्या पोटकलम २-अ मध्ये अशी तरतूद आहे की त्या जागेत झडतीअंती असा धंदा आढळला, अशी बातमी मालक राहतो त्या भागात खपणाऱ्या वृत्तपत्रात छापून आली, किंवा झडतीत सापडलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत मालकाला दिली, तर उलट सिद्ध होईपर्यंत मालक जाणूनबुजून जागा वापरू देतो आहे असंच गृहीत धरायचं. म्हणजे आपल्या सात ओळींना संसदेने वजन दिलं आहे. पण ‘एका संकुलात’ असं छापलं तर ते वजन कोणावरच पडत नाही. माझ्या परीने मी वकिलांना विचारून, कायद्याचं पुस्तक विकत घेऊन हे वाचलं आहे. आमच्या भागातल्या एकाही वार्ताहराला ते ठाऊक नव्हतं.

याचं फळ आम्ही पाहिलं. आमचा तो फ्लॅट सव्वा वर्षाने त्याच एजंटमार्फत पुन्हा भाड्याने गेला आणि पुन्हा रात्री-अपरात्री लिफ्ट वाजू लागली. या वेळी मी आणि दुसऱ्या मजल्यावरची शेजारीण दोघी पोलीस ठाण्यात जाऊन लेखी अर्ज देऊन आलो आणि ते लोक पंधरा दिवसांत निघून गेले. मालकाला पहिल्या वेळी आरोपी केलं नाही, दुसऱ्या वेळी नोटीसही नाही. आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून शाळा आहे. कलम १८ प्रमाणे शाळा, देऊळ, दवाखाना अशा जागेपासून दोनशे मीटरच्या आतला कुंटणखाना दंडाधिकारी रिकामा करून घेऊ शकतात. पुढे एक वर्ष, आणि झडतीत अल्पवयीन सापडली असेल तर तीन वर्षं, त्यांच्या परवानगीशिवाय ती जागा भाड्याने देता येणार नाही असा आदेश देऊ शकतात. असा आदेश मागायला कोणीच गेलं नाही. पोलिसांनी तपासाच्या कागदांत मुलींची उंची-वजन लिहिली, त्यांच्या तपासण्या केल्या, गावं लिहिली. घराच्या करारनाम्याची प्रत घ्यायला मात्र चार महिने लागले.

सापडलेल्या तिघींपैकी एक सत्तावीस वर्षांची होती. ती माझ्यावर संतापली होती. तिला दोन मुलं, आईकडे ठेवलेली. ती म्हणत होती, मला कोणी फसवलेलं नाही, मला जाऊ द्या. तिला अकरा महिने सुधारगृहात ठेवलं. त्या काळात तिच्या मुलांच्या शाळेची फी कोणी भरली, हे कोणी विचारलं नाही. हे चूक झालं असं माझं स्पष्ट मत आहे. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मालाडच्या एका प्रकरणात तीन सज्ञान स्त्रियांना सोडताना म्हटलं की या कायद्याने वेश्याव्यवसाय करणारी स्त्री गुन्हेगार ठरत नाही, आणि सज्ञान स्त्रीला तिच्या मर्जीविरुद्ध डांबून ठेवता येत नाही. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही पोलिसांना सांगितलं की अशा स्त्रियांना अटक करू नका, छळू नका. आमची सत्तावीस वर्षांची बाई या निकालांच्या आधीच सापडली. छाप्यांचा आकडा दाखवायला अशा बायकांना गाडीत भरणं वेगळं, आणि कडीमागच्या मुलीला बाहेर काढून तिला आणणाऱ्याला पकडणं वेगळं.

धाकटीचं वय हा पुढचा प्रश्न होता. तिच्याजवळच्या आधार कार्डावर एकवीस वर्षं होती आणि फोटो दुसऱ्याच कोणाचा वाटत होता. हाडांच्या तपासणीत सोळा ते सतरा निघालं. या तपासणीत दोन वर्षं इकडे-तिकडे धरतात आणि त्याचा फायदा आरोपीला मिळतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. छाप्याच्या तिसऱ्या दिवशी एक वकील व्यवस्थापक बाईतर्फेही उभे राहिले आणि तिघींना सोडवून न्यायलाही. तिथे हजर असलेल्या एका संस्थेच्या कार्यकर्तीने उच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल दाखवला. ‘प्रेरणा’ या कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवरचा तो निकाल. आरोपीच्या वकिलाला त्याच प्रकरणात पीडितेतर्फे उभं राहता येत नाही, हे त्यात सांगितलं आहे. तो निकाल त्या दिवशी तिच्या पिशवीत नसता तर मुलगी त्याच लोकांच्या गाडीत बसली असती. बालकल्याण समितीकडून तिला संस्थेत ठेवलं आणि नऊ महिन्यांनी ती बंगालमध्ये परत गेली.

समन्स आलं २०२३ मध्ये, छाप्यानंतर पाच वर्षांनी. पाच तारखा झाल्या. पहिल्या तारखेला न्यायाधीश रजेवर, दुसरीला आरोपीच्या वकिलांनी मुदत मागितली, तिसरीला मुद्देमाल आलाच नाही. मी निवृत्त आहे, मला पेन्शन आहे, मी डबा आणि वर्तमानपत्र घेऊन व्हरांड्यात बसून राहायची. शेजारी इस्त्रीवाला बसायचा. प्रत्येक तारखेला त्याचा एक दिवसाचा धंदा बुडायचा, गिऱ्हाइकांचे कपडे तसेच राहायचे. भत्त्याचा कागद त्याच्याकडून भरून घेतला, पैसे त्याला मिळाले नाहीत. तिसऱ्या तारखेनंतर दोन माणसं त्याच्या टेबलापाशी येऊन गेली. काय बोलली ते त्याने मला सांगितलं नाही. चौथ्या तारखेला तो पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली, मी वर गेलोच नाही. सरकारी वकिलांनी त्याला फितूर जाहीर करून घेतलं. बाहेर आल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याला दोष देत नाही, माझ्या साड्या अजून त्याच्याकडेच असतात. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. आमच्या छाप्यानंतर महिन्याभरातच. पाच वर्षांनी इस्त्रीवाल्याला ती कोणी सांगितली असती तर?

माझी साक्ष दोन दिवस चालली. उलटतपासणीत वकिलांनी माझं वय काढलं, चष्म्याचा नंबर विचारला, तुम्ही पोलिसांच्या नेहमीच्या पंच आहात का विचारलं. मग कडीवर आले. पंचनाम्यात नंतर घुसडलं आहे असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, माझ्या सांगण्यावरून लिहिलं, मी सही करणार नव्हते. स्क्रू कसे होते? चमकत होते. स्वयंपाकघरातल्या कडीचा गंज तुम्ही किती लांबून पाहिलात? मी म्हटलं, गंज नव्हता, तेच तर सांगते आहे.

मुलीची साक्ष झाली तिच्याच जिल्ह्याच्या न्यायालयातून, व्हिडिओ कॉन्फरन्सवर, दुभाषी लावून. प्रफुल्ल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ सालीच हा मार्ग मोकळा केला, आणि ते प्रकरण आपल्या महाराष्ट्रातलंच होतं. इतक्या वर्षांनंतरही ती सोय मिळवायला सरकारी वकिलांना तीन अर्ज करावे लागले. तोवर एकदा तिला दोन हजार किलोमीटरवरून प्रत्यक्ष हजर राहण्याचं समन्स जाऊन आलं होतं. आता ती संसारात आहे. पोलीस समन्स घेऊन दारात आले तेव्हा सासरी तिने काय सांगितलं असेल, याचा मी बऱ्याचदा विचार करते. साक्ष बंद दालनात झाली, मला आत जाता आलं नाही. वकिलांनी नंतर एवढंच सांगितलं की कडीचं तिनेही सांगितलं, न विचारता.

निकाल २०२४ च्या अखेरीस लागला. डांबून ठेवल्याबद्दल पिटाच्या कलम ६ खाली व्यवस्थापक बाईला सात वर्षं. निकालपत्रात कडीचा उल्लेख तीन ठिकाणी आहे. मानवी तस्करीच्या कलमातून ती सुटली, कारण मुलीला गावाहून आणणारा आणि स्टेशनवर ताब्यात घेणारा, दोघेही कागदोपत्री फरार आहेत आणि साखळी सिद्ध झाली नाही. वयाबद्दल संशयाचा फायदा मिळाला. मालक साक्षीदार म्हणून आला आणि मला काही माहीत नव्हतं असं सांगून गेला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात मानवी तस्करीचे २,२५० गुन्हे नोंदले गेले. त्यांत वेठबिगारीसारखी प्रकरणंही आहेत. पण छापा पडला की कुठेतरी दोन पंच असतातच, आणि पाच-सहा वर्षांनी त्यांच्यापैकी कोण कोर्टात उभं राहतं यावर बरंच ठरतं. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या तस्करीचे खटले सहा महिन्यांत संपवायला सांगितलं आहे. तसं खरोखर झालं तर इस्त्रीवाल्यासारखी माणसं टिकतील. आता नव्या कायद्याने झडतीचं चित्रीकरणही बंधनकारक झालं आहे, ते चांगलंच आहे. तरी कॅमेरा कुठे धरायचा हे सांगायला तिथे माणूस लागतो. निवृत्त शिक्षक, बँकेतले, पोस्टातले, ज्यांना वेळ आहे आणि वाचून सही करायची सवय आहे, त्यांनी आपापल्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगावं की महिला पंच लागली तर मला बोलवा. माझ्या तीन मैत्रिणींनी तशी नावं दिली आहेत.

आणि आपल्याकडे माझी मागणी एवढीच. छाप्याची बातमी देताना मुलींचा फोटो नको, झाकलेल्या तोंडांचाही नको. त्यांचं गाव नको. इमारतीचं नाव, फ्लॅटचा किंवा गाळ्याचा क्रमांक आणि तिथे झडती झाल्याची तारीख छापा. सोसायटीचे लोक तक्रार करतील, आमचेही करतील. मी या इमारतीत राहते आणि तरी सांगते आहे.

फरार दोघांपैकी कोणी सापडला तर त्याच्यावर वेगळा खटला चालेल आणि मला पुन्हा साक्षीला बोलावतील, असं सरकारी वकील म्हणाले. मी बहात्तर वर्षांची आहे. त्या रात्रीची वही कपाटात वरच्या कप्प्यात आहे आणि ती कुठे आहे हे मी सुनेला दाखवून ठेवलं आहे. पोलिसांनी शोध जरा लवकर घ्यावा.

कळावे,
आपली विश्वासू,
एक पंच, ठाणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)